कॅश कॉइन म्हणजे 'रोख नाणे' नव्हे

प्रश्न : चिनी नाण्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना 'कॅश कॉइन'साठी 'रोख नाणे' असा शब्द योजला आहे. वाक्य असे झाले : 'इ.स.पू. 118मध्ये हान सम्राट वू याने वूझू नावाची रोख नाणी पाडली.' हे बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावे?

उत्तर : वाक्यातले सन, सम्राट आणि नाण्याचे नाव बरोबर आहे. 'रोख' आणि 'पाडली' हे दोन शब्द मात्र बदलायला हवेत, आणि त्यातही 'पाडली' आधी.

कॅश कॉइन म्हणजे मधोमध चौकोनी भोक असलेले, हलक्या किमतीचे गोल चिनी नाणे. 'रोख'चे कारण थोडक्यात सांगता येते. इंग्रजीत 'कॅश' हे दिसायला एक असले तरी मुळात दोन वेगळे शब्द आहेत. बँकेतला कॅश लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी या शब्दावरून आला. आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा, असा त्याचा अर्थ सरकत गेला. चिनी नाण्याचा कॅश मात्र आपल्या दक्षिणेतून तिकडे गेला. तमिळमध्ये लहान नाण्याला 'कासु' म्हणतात. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला आणि त्यांच्या भाषेत पेटीला 'काइशा' म्हणत असल्यामुळे त्याला तेच रूप दिले. पूर्वेकडच्या हलक्या नाण्यांनाही मग ते हेच नाव लावू लागले आणि इंग्रजांनी ते त्यांच्याकडून घेतले. मद्रासेत कंपनीच्या हिशेबात 80 कॅशचा एक फनम आणि 42 फनमांचा एक पॅगोडा धरत, तोच हा कॅश. त्याचा रोखीशी किंवा उधारीशी काही संबंध नाही.

'कासु' हा शब्द संस्कृत 'कर्ष' या वजनाशी जोडला जातो. कर्षावरून कार्षापण, हे आपल्याकडचे प्राचीन नाणे. नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तो 'काहापण' असा येतो, तोही चक्क विनिमयाच्या दरासह : 35 काहापणांचे एक सुवर्ण (सोन्याचे नाणे), म्हणून 70,000 काहापणांची 2,000 सुवर्णे. वजनाचे नाव नाण्याला देण्याची रीत चीनमध्येही होती. छिन राजवटीचे 'बानलियांग' म्हणजे अर्धा लियांग. एका लियांगचे 24 झू, म्हणजे हे नाणे नावापुरते 12 झूचे. हान राजवटीचे 'वूझू' म्हणजे पाच झू, आजच्या मापाने सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. इ.स. 621मध्ये थांग राजवटीने 'काइयुआन तोंगबाओ' काढले. त्यावर वजन नव्हते, पण दहा नाण्यांचा एक लियांग भरावा असे प्रमाण ठरवलेले होते. भाषांतरात ही नावे तशीच ठेवावीत आणि अर्थ पहिल्या उल्लेखापाशी एकदाच द्यावा.

चिनी लोक स्वतः या नाण्याला 'छियान' म्हणतात. हा शब्द मुळात शेतीच्या अवजाराचा, आणि चीनची सुरुवातीची धातूची नाणी खरोखरच फावड्याच्या आकाराची होती. हनान प्रांतात ग्वानझुआंग येथे अशा नाण्यांचा ओतकारखाना उत्खननात मिळाला. इ.स.पू. 640 ते 550च्या दरम्यान तो चालू होता. तिथे तयार नाण्यांबरोबर मातीचे साचे आणि गाभेही सापडले. गाभा लागायचा, कारण या नाण्याचा दांडा खऱ्या अवजारासारखा आतून पोकळ असे. त्या पोकळीच्या जागी मातीचा गाभा ठेवून भोवती कासे ओतत. अशा नाण्याला 'कुदळ नाणे' लिहिलेले वाचनात येते. ते टाळावे, पाते सपाट आहे, 'फावडे-नाणे' म्हणावे. उत्तरेकडची 'सुरी-नाणी' मात्र नावाप्रमाणेच आहेत.

आता 'पाडली'. मराठीत नाणी पाडतात, कारण आपल्याकडे तसेच होत आले : ठरावीक वजनाची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. टाकसाळ, ठसा, छाप हे सगळे शब्द या घावातून आलेले आहेत. चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे नाणी ओतली जात होती. म्हणून क्रियापद 'ओतणे' हवे आणि टाकसाळीऐवजी 'ओतशाळा' चालेल. हा फरक नुसता शब्दापुरता नाही. ओतणे म्हटले की नाण्यावरच्या कितीतरी खुणांचा उलगडा होतो.

सुरुवातीला माती, दगड किंवा काशाचे साचे वापरत. पुढच्या काळात वाळूचे साचे आले. लाकडी चौकटीत बारीक वाळू घट्ट दाबून बसवायची, तिच्यावर 'मातृनाणी', म्हणजे नमुन्याची नाणी, ओळीने ठेवायची, वर दुसरी चौकट दाबून ठसा घ्यायचा, नाणी अलगद काढून मधोमध एक पाट आणि त्यातून प्रत्येक नाण्याकडे जाणारा फाटा कोरायचा, दोन्ही चौकटी बांधून उभ्या करायच्या आणि पाटातून वितळलेला धातू ओतायचा. साचा उघडला की दोन्ही अंगांना नाणी लगडलेले धातूचे झाड हाती येते. नाणी मोडून घ्यायची आणि पाटाचा धातू परत मुशीत टाकायचा. तुटलेल्या जागी कड खडबडीत राहते. मग पुष्कळ नाणी एका चौकोनी सळईत ओवून सगळ्यांच्या कडा एकदम घासायच्या. भोक चौकोनी असल्यामुळे नाणी सळईवर गरगरत नाहीत. गोल भोक असते तर कानस लावताच ती फिरली असती.

काय बिघडते तेही पाहा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून मातृनाणे चलनी नाण्यापेक्षा किंचित मोठे करावे लागे. चोरून ओतणाऱ्यांकडे मातृनाणे नसे, ते बाजारातले नाणे वाळूत दाबत. त्यामुळे त्यांचे नाणे आकाराने लहान, बहुधा पातळ, आणि अक्षरांच्या रेषा पसरट. दोन चौकटी नीट जुळल्या नाहीत तर एका बाजूची किनार सरकते. धातू पुरेसा तापलेला नसेल तर एखादे अक्षर भरतच नाही. बानलियांगला उठावाची किनार नसे, त्यामुळे कड खरवडून तांबे चोरता येई आणि ते लक्षातही येत नसे. वूझूला उठावाची किनार दिली ती मुख्यतः यासाठी. सुरुवातीला वूझू प्रांतांतही ओतले जाई, पण वजनात गोंधळ झाला. म्हणून इ.स.पू. 113मध्ये हे काम राजधानीजवळच्या शांगलिन येथील तीन कचेऱ्यांकडे सोपवण्यात आले.

'छापा-काटा' हे शब्दही इथे जपून वापरावेत. यावर राजाचा चेहरा नाही, पुढच्या बाजूला अक्षरे आणि मागची बाजू पुष्कळदा कोरी. 'पुढची बाजू' आणि 'मागची बाजू' एवढे पुरते.

मग या नाण्याला म्हणावे काय? माझे मत 'भोकाचे नाणे'. आपल्याकडे 1943 ते 1947 या काळात निघालेल्या, मधे गोल भोक असलेल्या पैशाला लोक 'भोकाचा पैसा'च म्हणत. शब्द तोंडात बसलेला आहे. पहिल्यांदा 'चौकोनी भोकाचे नाणे' लिहावे, पुढे नुसते 'भोकाचे नाणे'. 'छिद्रयुक्त मुद्रा' लिहून वाचकाला दूर लोटू नये. तुमचे वाक्य मग असे होईल : 'इ.स.पू. 118मध्ये हान सम्राट वू याने वूझू हे चौकोनी भोकाचे नाणे ओतवून चलनात आणले.'

याच लेखात पुढे 'स्ट्रिंग ऑफ कॅश' येण्याचा संभव आहे. त्याला 'नाण्यांची माळ' म्हणावे, 'रोखीची दोरी' नको. माळ हजार नाण्यांची धरत. जियांगशी प्रांतात नानचांगजवळ हायहुनचा सरदार ल्यू ह याची कबर उघडली, तेव्हा सुमारे 20 लाख वूझू नाणी निघाली, वजन 10 टनांच्या घरात. हा ल्यू ह इ.स.पू. 59मध्ये वारला. त्याच्या कबरीतल्या नाण्यांवरून हजाराची माळ त्याच्या काळातच रूढ होती हे दिसले.

आणखी एक जागा सांभाळा. इंग्रजीत 'अमुक काळातले नाणे सापडले' असे असेल तर मराठीत 'थर (म्हणजे उत्खननातला मातीचा थर) अमुक काळातला आहे' असे करू नका. भोकाची नाणी शतकानुशतके चालत. कोरियाच्या किनाऱ्याजवळ सिनान येथे बुडालेल्या जहाजात सुमारे 28 टन चिनी नाणी मिळाली. त्यांत कितीतरी जुन्या राजवटींची होती. जहाज 1323चे हे ठरले ते मालाला बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्यांवरच्या तारखांमुळे. नाणे एवढेच सांगते की तो थर त्या नाण्याहून जुना नाही, म्हणून भाषांतरात 'त्या काळातला किंवा त्यानंतरचा' असे लिहावे.