घर विकायचंय, आधी किचन नवीन करू का?

प्रश्न: आमचं जुनं घर विकायला काढलंय. लोक येतात, बघतात, "कळवतो" म्हणतात आणि परत फोनच करत नाहीत. मिस्टरांचं म्हणणं, किचन नवीन करू आणि सगळीकडे रंग मारू म्हणजे भाव चांगला येईल. बेडरूमच्या एका भिंतीला खालून ओल येते, तिथे सध्या कपाट सरकवून ठेवलंय. खर्च नक्की कशावर करावा?

उत्तर: ताई, किचनला आत्ता अजिबात हात लावू नका. घेणारे लोक बऱ्याचदा ओटा, टाइल्स स्वतःच्या आवडीनेच बदलतात, त्यामुळे तुमचा खर्च भावात वसूल होईलच असं नाही. पैसे त्या ओल्या भिंतीवर घाला.

कपाट आधी बाजूला घ्या, कारण घर घ्यायला आलेला माणूस मागे वाकून बघतोच, आणि लपवलेली ओल दिसली की त्याला वाटतं अजून काय काय लपवलं असेल, मग बाकी घर कितीही छान असू दे. ओल कुठून येतेय ते शोधा. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा आहे, तिथे खेळती हवा हवी. पलीकडे बाथरूम असेल तर टाइल्सच्या फटी आणि पाइपचे जॉइंट बघून घ्या. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडेही बघा, तरी काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. दुरुस्तीनंतर प्लास्टर पूर्ण सुकू द्या, घाईने रंग मारलात तर परत पोपडे येणार आणि पांढरे क्षार फुटणार. आणि येणाऱ्याला स्वतःहून सांगा की इथे ओल होती, हे काम केलं, हे बिल. मला तरी हेच योग्य वाटतं, समोरचा आयुष्यभराची कमाई घालणार असतो हो.

रंग द्यायचाच तर फिका, साधा. बाकी गळका नळ, करकरणारं दार, सैल झालेलं बटण हे सगळं एका दिवसात होतं पण लोक हात लावून बघतात त्यामुळे सोडू नका. कपाटं उघडली जाणारच, ती अर्धी रिकामी करा, ठासून भरलेली असली की घरात जागाच नाही असं वाटतं. दिवे एका खोलीत एकाच रंगाचे लावा, एक पिवळा एक पांढरा नको. वासाचं मात्र बाहेरच्या कुणाला तरी विचारा, रोज राहणाऱ्याच्या नाकाला सवय झालेली असते, त्याला काही येत नाही.

हे सगळं झालं की जाहिरातीतले जुने फोटो काढून टाका आणि नवीन टाका, दिवसा, पडदे उघडून, कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून मोबाइल सरळ धरून काढलेले. दुरुस्त केलेल्या भिंतीचाही एक फोटो टाका.