शब्दशंका : लिलावातला ‘लॉट’ आणि नशिबातला ‘लॉट’

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत ‘लॉट’ हा शब्द सतत कानावर पडतो. मुलीच्या इंग्रजी शब्दकोशात मात्र त्याच शब्दाचे ‘नशीब’, ‘भूखंड’ आणि ‘पुष्कळ’ असे अर्थ दिले आहेत. हा एकच शब्द आहे काय? ‘लॉटरी’ त्यातूनच आली काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, शब्द एकच आहे आणि त्याचे मूळ चिठ्ठी टाकून निवाडा करण्याच्या जुन्या रीतीत आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ह्लॉट’ असे होते. आरंभीचा ‘ह’ पुढे गळून पडला. वाटणी कोणाच्या मर्जीवर न सोडता दैवावर सोपवायची असे, तेव्हा खुणा केलेले लाकडाचे तुकडे एकत्र घालून त्यांतून एकेक काढला जाई. त्या तुकड्याला ‘लॉट’ म्हणत, आणि त्यानुसार ज्याला जो हिस्सा मिळे त्या हिश्श्यालाही ‘लॉट’च म्हणत.

हिश्श्यापासून नशिबापर्यंतचा प्रवास मराठी वाचकाला परका वाटू नये. आपल्याकडेही ‘भाग’ म्हणजे हिस्सा आणि त्यावरूनच ‘भाग्य’. एखाद्याच्या वाट्याला दुःख आले असे आपण म्हणतो, तेव्हा वाटणीचीच भाषा बोलत असतो. दोन दूरच्या भाषांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरावी, हे मला या शब्दाचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

भूखंडाचा अर्थ अमेरिकेतला आहे. तेथील इंग्रज वसाहतींत नव्या गावाची जमीन पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून वाटली जाई, त्यामुळे जमिनीच्या तुकड्यालाच हे नाव पडले. ‘पार्किंग लॉट’ त्याच घरातला.

लिलावात एकत्र विकायच्या मालाला ‘लॉट’ म्हणण्याची रीत इंग्रजीत 18व्या शतकाच्या आरंभापासून दिसते. आपल्या यार्डातही एका शेतकऱ्याची एका प्रतीची हळद कितीही पोत्यांत असली, तरी ती सारी मिळून एक लॉट धरला जातो, व्यापारी त्यातली हळकुंडे हातात घेऊन, मोडून, आतला रंग पाहतात आणि बोली त्या साऱ्या पोत्यांसाठी एकच लागते. येथे दैवाचा अर्थ मागे पडून केवळ ‘एकत्र धरलेला माल’ एवढाच उरला आहे. अशा एकगठ्ठा मालाच्या कल्पनेतूनच ‘पुष्कळ’ हा अर्थ निघाला आणि 19व्या शतकात तो बोलण्यात रुळला.

‘लॉटरी’ याच कुळातली आहे, परंतु ती इंग्रजीत 16व्या शतकात युरोपातील इतर भाषांकडून आली. राणी पहिल्या एलिझाबेथच्या सरकारने बंदरांच्या कामासाठी काढलेल्या लॉटरीची सोडत 1569 मध्ये झाली. घरांच्या सोडतीनंतर होणारी ‘अलॉटमेंट’ही याच मुळाची आहे. मतदानाचे ‘बॅलट’ मात्र उच्चाराने जवळचे वाटले तरी या कुळातले नाही. ते लहान चेंडू किंवा गोळी या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले आहे, कारण पूर्वी तेथे मत देण्यासाठी गोळ्या टाकत असत.