तंजावरच्या सरफोजी राजांना एका जर्मन पाद्र्याने वाढवलं, हे खरं का? आणि खरं असेल तर राजा ख्रिस्ती का झाला नाही?

तुमच्या प्रश्नातला पहिला भाग बराचसा खरा आहे. त्या पाद्र्याचं नाव ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. तंजावरला मी गेलो होतो तो सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं बघायला. बृहदीश्वराच्या देवळाजवळच्या चर्चमध्ये सहज डोकावलो आणि भिंतीवरच्या संगमरवरी शिल्पापुढे थबकलो. पलंगावर मरणासन्न पाद्री, त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला आपला भोसले राजा आणि बाजूला शाळेतली मुलं. हे शिल्प सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून मुद्दाम करवून घेतलं. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

श्वार्ट्झचा जन्म 1726 चा, सोननबुर्ग गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. जर्मनीतल्या हाले इथे तो शिकला आणि तमिळची तोंडओळख त्याला तिथेच झाली. दीक्षा मात्र कोपनहेगनला घेतली, कारण तमिळ किनाऱ्यावरची तरंगंबाडी डेन्मार्कच्या ताब्यात होती आणि तिथलं लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मिशन डॅनिश राजाच्या आश्रयाने चाले. 1750 मध्ये तो तरंगंबाडीला उतरला आणि परत युरोपला गेलाच नाही. लग्नही केलं नाही.

पुढे तो तिरुचिरापल्लीला राहू लागला. तिथली त्याची खोली एका जुन्या इमारतीत होती, पलंग आणि तो स्वतः मावेल एवढीच, आणि छत इतकं खाली की धड उभंही राहता येऊ नये. अंगात काळा रंगवलेला सुती कपडा, जेवायला इथल्या पद्धतीचा भात-भाजी. हे एका इंग्रजाने स्वतः बघून लिहून ठेवलंय. इंग्रज फौजेचा पाद्री म्हणूनही तो काम करी. 1778 मध्ये तो तंजावरला स्थायिक झाला. दरबाराची भाषा मराठी, म्हणून तो मराठीही शिकला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

लोकांचा त्याच्यावर किती विश्वास होता, ते दोन प्रसंगांतून कळतं. 1779 मध्ये मद्रासच्या इंग्रजांना हैदर अलीकडे बोलणी करायला माणूस पाठवायचा होता. हैदरने सांगितलं, त्या ख्रिस्ती माणसाला पाठवा, तो मला फसवणार नाही. श्रीरंगपट्टणला हैदरने त्याला गालिच्यावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. निघताना वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. ते त्याने मद्रासला जमा करू पाहिले, तिथे घेईनात, तेव्हा तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेला दिले. समेट काही झाला नाही, वर्षभरात युद्ध पेटलं. त्या युद्धातही, या पाद्र्याला अडवू नका, असा हैदरचा आपल्या सरदारांना हुकूम होता.

दुसरा प्रसंग त्याच युद्धातला. तंजावरच्या किल्ल्यात दाणा संपत आला, माणसं रस्त्यावर मरू लागली. धान्य बाहेर गावांत होतं, पण आणणार कोण? आधी घेतलेल्या धान्याचे आणि बैलांचे पैसे बुडाले होते. राजाच्या शब्दावर एकही शेतकरी बैल द्यायला तयार नव्हता आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शब्दावरही नाही. शेवटी श्वार्ट्झने आपल्या नावाने निरोप धाडले, की पैसे मी देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले, किल्ल्यात धान्य आलं. त्याने शब्द पाळला आणि प्रत्येकाचे पैसे चुकते केले.

आता सरफोजी. 1787 मध्ये तुळजाजी राजे मरणाला टेकले होते. त्यांनी नऊ-दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि श्वार्ट्झला बोलावून सांगितलं, हा माझा मुलगा नाही, तुमचा आहे, तुमच्या हाती देतो. श्वार्ट्झने पालकत्व नाकारलं. मी बाहेर राहणारा माणूस, राजवाड्यात या मुलाच्या जिवाला धोका झाला तर मी काय करणार, असं त्याचं म्हणणं. त्याने राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह याचं नाव सुचवलं. माझ्या मते ही त्याची मोठी चूक. वाद सुरू झाला, पंडितांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरवलं, कंपनीने अमरसिंहालाच गादीवर बसवलं आणि मुलगा राजवाड्यात कोंडल्यासारखा राहिला, शिक्षण नाही, मोकळी हवा नाही.

इथून पुढची वर्षं श्वार्ट्झने ती चूक निस्तरण्यात घालवली, असंच मी म्हणेन. कंपनीकडे अर्जावर अर्ज केले, मुलासाठी पहारा मिळवला आणि 1793 मध्ये त्याला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवलं. तिथे गेरिके या दुसऱ्या लुथरन पाद्र्याकडे त्याचं शिक्षण झालं. दत्तकाचा प्रश्नही नव्याने पंडितांपुढे गेला आणि या वेळी निकाल सरफोजींच्या बाजूने लागला.

राजा ख्रिस्ती का झाला नाही? श्वार्ट्झला ती इच्छा होती, त्याने ती लपवलीही नाही. पण धर्मांतराच्या बदल्यात काही देणं-घेणं त्याला मान्य नव्हतं. पालयमकोट्टईची क्लॅरिंडा ही तंजावरकडची मराठी ब्राह्मण विधवा. ती एका इंग्रज अधिकाऱ्यासोबत लग्नाशिवाय राहत होती, तोवर श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा दिला नाही. तो अधिकारी वारल्यावर 1778 मध्ये दिला. पुढे तिने तिथे चर्च बांधलं. सरफोजी शेवटपर्यंत शिवभक्त हिंदू राहिले. भोसल्यांचा इतिहास त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवला आणि देवनागरी छापखाना काढून 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या.

श्वार्ट्झ कंपनीचा हस्तक होता, असंही काही जण म्हणतात. कंपनीची कामं त्याने केली, हे खरंच आहे आणि 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीने गिळला, हेही खरं. पण तो तह बघायला श्वार्ट्झ नव्हता. 13 फेब्रुवारी 1798 ला तो गेला. सरफोजी त्याच वर्षी जूनअखेर गादीवर बसले, तेही त्याला बघायला मिळालं नाही. अंत्यविधीला सरफोजी आले, रडले, देहावर जरीचं वस्त्र घातलं आणि कबरीपर्यंत चालत गेले.

त्याच्या कबरीच्या दगडावर सरफोजींनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी आहेत. अनाथांचा बाप, विधवांचा आधार असं त्याला म्हटलंय आणि शेवटी मागणं मागितलंय, की बाबा, मी तुमच्या योग्यतेचा होवो. खाली सही आहे, तुमचा सरफोजी.