जुन्या सायन्स फिक्शन फॅनडममधल्या बारीकसारीक गोष्टींचा छडा कसा लावावा?

तुमचा प्रश्न असा आहे : फॅनडमच्या, म्हणजे चाहत्यांच्या जगाच्या, इतिहासातल्या एखाद्या किरकोळ गोष्टीच्या मागे लागलं की एकातून दुसरी निघत तासन्‌तास जातात, आणि तरी पक्कं असं काही हाती लागत नाही. शोधायचं कसं?

हाती न लागण्याचं मुख्य कारण म्हणजे आपण आजचे शब्द घेऊन जुन्या कागदांत शोधतो. मे १९३० मध्ये निघालेला 'द कॉमेट' हा पहिला सायन्स फिक्शन फॅनझिन (चाहत्यांनी स्वतः काढलेलं हौशी नियतकालिक) समजला जातो, पण 'फॅनझिन' हा शब्दच १९४० मध्ये लुई रसेल शॉव्हने यांनी घडवला. त्याआधी 'फॅनमॅग' म्हणत. 'साय-फाय' १९५४ चा, चाहते फॉरेस्ट ॲकरमन यांचा. त्याआधीच्या पत्रांत 'सायंटिफिक्शन' किंवा त्याचं लघुरूप 'एसटीएफ' दिसतं. म्हणून आधी वर्ष ठरवा, मग त्या वर्षी चालणाऱ्या शब्दांची यादी करा आणि तेच शब्द टाकून शोधा. 'कॉस्प्ले' (पात्राचा वेश करणं) टाकून १९३९ मधलं काहीच सापडणार नाही. तेव्हाच्या मजकुरात 'कॉस्च्यूम' शोधावं लागतं.

नावांचंही तसंच. १९३९ च्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे चाहत्यांच्या जागतिक संमेलनाला, ॲकरमन भविष्यकालीन पोशाख घालून आले, ही गोष्ट सगळीकडे सापडते. तो पोशाख शिवणाऱ्या आणि स्वतःही तसाच पोशाख घालून आलेल्या मर्टल डग्लस मात्र अनेकदा गळून पडतात, कारण त्या काळच्या अंकांत त्या 'मोरोजो' या नावाने लिहीत. मर्टल आर. जोन्स या नावाची आद्याक्षरं एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या उच्चारात मो, रो, जो होतात. एका व्यक्तीची सगळी नावं एका कागदावर लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊच नका. श्रेय असंच हरवतं, आणि ते परत मिळवून देणं हे या छंदातलं मला सर्वांत मोलाचं काम वाटतं.

तारखांत तीन ठिकाणी हमखास चूक होते. मासिकाच्या मुखपृष्ठावरचा महिना आणि ते विक्रीला आल्याचा दिवस वेगळे असतात : 'अमेझिंग स्टोरीज'चा पहिला अंक एप्रिल १९२६ चा, पण तो मार्चमध्येच स्टॉलवर आला होता. दुसरी चूक वर्ल्डकॉनचा क्रमांक मोजून वर्ष काढण्याची. १९३९ न्यूयॉर्क, १९४० शिकागो, १९४१ डेन्व्हर. मग युद्धामुळे खंड पडला आणि चौथं थेट १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला भरलं. तिसरी रेट्रो ह्यूगोची. ह्यूगो हे वर्ल्डकॉनमध्ये दिले जाणारे सायन्स फिक्शनचे पुरस्कार, आणि रेट्रो ह्यूगो म्हणजे ते दिले गेले नव्हते अशा जुन्या वर्षांसाठी मागाहून दिलेले. '१९३९ चा रेट्रो ह्यूगो' म्हणजे १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साहित्याला २०१४ मध्ये दिलेला पुरस्कार. तिन्ही वर्षं टिपून ठेवा, नाहीतर त्यातलं एक नक्की चुकीच्या जागी पडेल. खरे ह्यूगो १९५३ पासूनचे, आणि १९५४ मध्ये ते दिलेच गेले नाहीत.

जुनं आहे म्हणून खरंच असेल असं धरू नका. १९३६ मध्ये 'ॲस्टाउंडिंग' मासिकाच्या पत्रसदरात चाहते बॉब टकर वारल्याची बातमी छापून आली. ती खोटी होती. टकर २००६ पर्यंत जगले. समकालीन पुरावा मिळाला तरी पुढचे दोन-तीन अंक चाळा, खुलासा बहुधा तिथेच असतो.

स्कॅन केलेल्या फॅनझिनमध्ये शब्द शोधून काही मिळालं नाही, तर ते पान नाहीच असं समजू नका. हेक्टोग्राफ या जेलीवरून प्रती काढायच्या साधनावर जेमतेम पन्नासेक चांगल्या प्रती निघत, आणि जांभळी शाई उजेडाने विटते. संगणकाला ती अक्षरं लागत नाहीत. त्यातून ॲकरमनसारखे लोक मुद्दाम उच्चाराप्रमाणे, मोडतोड केलेलं स्पेलिंग लिहीत. असे अंक डोळ्यांनीच वाचावे लागतात. सुरुवात वाचकांच्या पत्रांपासून करा : कोण कोणावर रागावलंय आणि कशावरून, हे तिथेच कळतं, आणि पुढचा धागा तिथूनच लागतो.