‘सबटेक्स्ट’ आणि ‘शिप करणे’: जुळणे की जुळवणे?

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेला प्रश्न असा : मुलीने कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ॲनिमेशन मालिकांवर लेख लिहिलाय. त्यात ‘या दोघींमधला रोमँटिक सबटेक्स्ट’ आणि ‘मी या दोघींना शिप करते’ अशी वाक्यं आहेत. अंकाच्या संपादकांनी मराठी शब्द मागितले. घरात ‘व्यंग्यार्थ’, ‘गर्भितार्थ’, ‘छुपं प्रेम’ आणि ‘जोड लावणे’ असे चार पर्याय निघाले. यातला कोणता चालेल?

माझ्या मते चारही बाजूला ठेवावेत. मुळात त्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्या वेगळ्या माणसांच्या आहेत. सबटेक्स्ट, म्हणजे उघड न बोलता सुचवलेला अर्थ, कलाकृतीत असतो; लिहिणाऱ्याने आणि चितारणाऱ्याने तो पेरलेला असतो. शिप करतो, म्हणजे दोन पात्रांचं प्रेम असावं असं मनात धरून त्यांची जोडी लावतो, तो प्रेक्षक. हा फरक दाखवायची सोय मराठीच्या क्रियापदातच आहे : जुळणे आणि जुळवणे. ‘त्यांचं सूत जुळतंय’ म्हणताना घडतंय ते त्या दोघांत. ‘लोक त्यांची जोडी जुळवतात’ म्हणताना करणारे लोक आहेत, त्या दोघांना त्याचा पत्ताही नसेल. एका ‘व’ने कर्ता बदलतो. इतकी नेमकी सोय हाताशी असताना नवा शब्द घडवायची मला गरज वाटत नाही.

आधी ते चार पर्याय बघू. ‘व्यंग्यार्थ’ शास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक. शब्दाच्या तीन शक्ती मानतात : अभिधा (सरळ अर्थ सांगणारी), लक्षणा (सरळ अर्थ जुळेना तेव्हा जवळचा अर्थ देणारी) आणि व्यंजना (न बोललेलं सुचवणारी). व्यंजनेने कळतो तो व्यंग्यार्थ. पण आजच्या मराठीत ‘व्यंग’ म्हणजे उणीव, आणि ‘व्यंगचित्र’ म्हणजे हसवणारं चित्र. कार्टूनबद्दलच्या लेखात ‘व्यंग्यार्थ’ आला की दहातले नऊ वाचक त्यात विनोद शोधतील. ‘गर्भितार्थ’ला वर्तमानपत्रांनी ‘गर्भित इशारा’ची संगत लावलीय, त्यामुळे प्रेमाच्या जागी धमकीचा वास येतो. ‘छुपं प्रेम’ म्हणजे पात्रं प्रेम लपवतायत असा अर्थ होतो. सबटेक्स्टमध्ये पात्रं काहीच लपवत नसतील, उघड न बोलणारा निर्माता असतो. ‘जोड लावणे’ तर आपल्या सांगली-साताऱ्याकडे नकोच : इथे जोड म्हटली की जत्रेचं मैदान, लाल माती आणि दोन पैलवान डोळ्यांपुढे येतात.

बोलीत आणखीही शब्द आहेत. ‘पाणी मुरतंय’, ‘भानगड’, ‘झेंगाट’ हे सगळे संशय घेऊन येतात, काहीतरी वावगं चाललंय असं धरूनच चालतात. मुलीच्या लेखात आपुलकी आहे, म्हणून ते नकोत. ‘नाव जोडणे’ मात्र कामाचा आहे. ‘तिचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं’ हे आपण सहज म्हणतो, आणि जोडणारे बाहेरचे लोक हेही त्यात येतं.

आता सबटेक्स्टकडे. त्यासाठी ‘ध्वनित’ वापरावा. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनीचा, म्हणजे काव्यात न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, विचार मांडला, पण त्याचं एक गाजलेलं उदाहरण आपल्याच मातीतलं, महाराष्ट्री प्राकृतातलं, हालाच्या गाथासप्तशतीतलं आहे. एक स्त्री फुलं वेचायला येणाऱ्या धार्मिक माणसाला सांगते : बाबा, आता खुशाल हिंड, तुला घाबरवणारं ते कुत्रं आज गोदेकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारलं. शब्दांत परवानगी आहे, ध्वनी आहे ‘इकडे फिरकू नकोस’. कारण ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा. प्रेमाचा एक शब्द नाही, तरी सगळी गाथा प्रेमाची. सबटेक्स्ट म्हणतात तो हाच.

असा ध्वनी खरंच आहे की आपण लादतोय, हे तपासायला मम्मट या नंतरच्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात दिलेली बारीक यादी कामाला येते : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू (म्हणजे आवाजाचा हेल), वाक्य, जवळ आणखी कोण आहे, प्रसंग, जागा, वेळ. कार्टूनला ती जशीच्या तशी लागू पडते. ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही 52 भागांची मालिका घ्या (कोरा हे मुलीचं नाव, कोऱ्या कागदाशी संबंध नाही). ऐकणारा कोण? दूर गेलेली कोरा सोबत्यांपैकी फक्त असामीला पत्र लिहिते, आणि तुलाच लिहिलंय हे बाकीच्यांना सांगू नकोस असंही कळवते. प्रसंग कोणता? शेवटच्या भागात दोघी एका लग्नसमारंभातून निघतात. जागा आणि वेळ? प्रकाशाच्या दारात, हात हातात, समोरासमोर, आणि तिथेच मालिका संपते. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून ‘ध्वनित होतं’ म्हणायचा हक्क मिळतो. तो भाग 19 डिसेंबर 2014 ला आला, आणि 22 डिसेंबरला मायकेल डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीएट्झको या निर्मात्यांनी दोघींचं प्रेम असल्याचं जाहीर लिहिलं. त्यानंतर ‘ध्वनित’ शब्द मागे पडतो, सरळ ‘सूत जुळलं’ म्हणावं.

याच निर्मात्यांच्या आधीच्या ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’मध्ये उलट घडलं. गुहेतल्या एका प्रसंगात कतारा झुकोच्या चेहऱ्यावरच्या व्रणाला हात लावते, आणि तेवढ्यावर असंख्य प्रेक्षकांनी दोघांची जोडी जुळवली. मालिकेच्या अखेरीस, 2008 मध्ये, सूत जुळलं ते कतारा आणि आंगचं. जुळणे आणि जुळवणे यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सुचत नाही.

एका खुणेवर इमारत उभी केली की काय होतं हे सांगलीकरांना सांगायला नको. शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या संशयकल्लोळात एका तसबिरीवरून सगळं रामायण घडतं. बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर दिसली, एवढं फाल्गुनरावाला पुरतं. तसबीर खरी, अर्थ खोटा. तो अर्थ त्याने स्वतः जुळवलेला.

कार्टूनमध्ये फसगतीची आणखी एक जागा आहे. चितारलेली नजर अपघाताने पडत नाही, कुणीतरी ती काढलेली असते, म्हणून तिला वजन आहे हे खरं. पण सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) लागतात, आणि खर्च वाचवायला पुष्कळदा एक चित्र दोन चौकटींना वापरून 12 चित्रांत भागवतात. त्याहून बचत करायची तर चित्र तसंच धरून ठेवतात. म्हणजे दोन सेकंद रोखलेली नजर 48 चौकटींची असली तरी चित्र एकच असू शकतं. ती नजर लांबली भावनेने की काटकसरीने, हे त्या एका दृश्यावरून ठरत नाही. तशीच नजर पुढच्या भागांत, त्याच दोघांत, पुन्हा येते का ते बघावं. लेखात ‘टक लावून पाहते’ लिहिण्याआधी एवढी तपासणी हवीच.

डबिंगचाही घोळ असतो. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेतल्या हारुका आणि मिचिरू या दोघी मूळ जपानीत प्रेयसी आहेत. जुन्या इंग्रजी डबिंगने त्यांना ‘कझिन’ करून टाकलं. चित्र तेच राहिलं, संवाद बदलले, आणि दोन्हींचा मेळ बसेना. मराठीत तर ‘कझिन’ नुसतं लिहूनच भागत नाही. चुलत, मावस, मामे, आते यातलं काहीतरी निवडावं लागतं. चुलत-मावस म्हटलं की आपल्याकडे प्रेमाचा विषय संपतो. मामे-आते म्हटलं तर सांगली-साताऱ्यातल्या कित्येक घरांत ती सोयरीकच! मुलगा-मुलगी असतील तर अशा जागी अनुवादकाने नातं बेतानं निवडावं, नाहीतर मुळात नसलेला ध्वनी निर्माण होतो. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचंही तसंच. इंग्रजीत ही पायरी नाही, मराठीत ती नेमकी कुठल्या भागात ओलांडली यावर अख्खं नातं कळतं.

‘शिप’ हा ‘रिलेशनशिप’चा शेपटाकडचा तुकडा, 1990 च्या दशकात ‘द एक्स फाइल्स’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चाहत्यांत तो रुळला. मुलं आपापसांत ‘शिप करते’ म्हणतात, ते खुशाल म्हणू द्यावं. छापील लेखात मात्र वाचकाला जहाज आठवेल. तिथे वाक्यं अशी करता येतील : ‘चौथ्या पर्वात कोरा आणि असामी यांचं सूत जुळत असल्याचं ध्वनित होतं.’ ‘कतारा आणि झुको यांची जोडी मी मनात जुळवते.’ नाम हवं असेल तर ‘ध्वनित प्रेम’, आणि शिप करणाऱ्यांना ‘जोडी जुळवणारे’. ‘जुळवे’ असा शब्द करायचा मोह होईल, पण तो जुळ्यांसारखा ऐकू येतो.

मुद्रितं तपासताना : ‘ध्वनी’ एकटा असेल तर दीर्घ, ‘ध्वनित’ आणि ‘ध्वनिकाव्य’ यांत ऱ्हस्व. ‘सूत’ दीर्घ, पण ‘सुताचा’, ‘सुताने’ ऱ्हस्व.