अमेरिकेत फार्मसी की मेडिसिन?

तुम्ही विचारलंय की पत्नीच्या एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) अमेरिकेत आलात तर तुमच्या बी.फार्मवर इथे फार्मासिस्ट होता येईल का, आणि अकरावीतल्या मुलीने फार्मसी घ्यावी की मेडिसिन.

तुमचं आधी सांगतो. २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना इथल्या परवान्यासाठी लागणारं पहिलं प्रमाणपत्र मिळवायलाच पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांचं बी.फार्म तिथेच अडतं, वर एम.फार्म केलं असलं तरी ती वर्षं धरत नाहीत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून फार्मडी, म्हणजे इथली फार्मासिस्टची पदवी.

एवढा खर्च वसूल होईल का? फार्मासिस्टचा मध्यम पगार २०१४ मध्ये वर्षाला सुमारे १ लाख २१ हजार डॉलर होता, २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३७ हजार. महागाई त्याहून बरीच जास्त वाढली. राइट एड या औषध दुकानांच्या साखळीची दुकानं २०२५ मध्ये कायमची बंद झाली, वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीने २०२४ मध्ये १,२०० दुकानं बंद करायचं जाहीर केलं. हॉस्पिटलात परिस्थिती बरी आहे, पण तिथे बहुतेकदा रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) मागतात. अर्ज घटल्यामुळे फार्मसीला प्रवेश मात्र सहज मिळतो. पीकॅट ही प्रवेशपरीक्षासुद्धा २०२४ मध्ये बंद झाली. त्याला कृपा करून भुलू नका. कॉलेज बघाल तेव्हा तिथल्या मुलांचा नॅप्लेक्सचा (फार्मासिस्टच्या परवाना परीक्षेचा) निकाल बघा, तो जाहीर होतो.

मला जास्त काळजी मुलीची वाटते. डॉक्टरांचा पगार फार्मासिस्टपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तो टिकेलही. पण इथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग मेडिकलची चार वर्षं, त्यावर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. २०२३ मध्ये साधारण ५२ हजार अर्जदारांमागे २३ हजार जणांना प्रवेश मिळाला, आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच कॉलेजं दारातही उभं करत नाहीत. सरकारी कर्जही मिळत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब, आणि मुलीचा एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) एकविसाव्या वर्षी संपणार, म्हणजे नेमका मेडिकलला अर्ज करायच्या वेळी.

म्हणून तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल तर बारावी आणि नीट तिकडेच होऊ द्या. एमबीबीएस करून यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरांची परवाना परीक्षा, देता येते. तीही वाट खडतर आहे, परदेशी नागरिकांपैकी दहात साधारण सहा जणांनाच रेसिडेन्सी मिळते, पण निदान व्हिसाच्या वयाची टांगती तलवार राहत नाही. पत्नीने होकार कळवण्याआधी तिघं बसून हे बोला.