इंग्रजीत ‘रोड’, ‘रिव्हर’, ‘कॉलेज’ हे शब्द कधी कॅपिटल आणि कधी स्मॉल लिहायचे?

तुमच्या मुलीला कॉमन नाउन (सामान्यनाम) आणि प्रॉपर नाउन (विशेषनाम) यांच्या व्याख्या पाठ आहेत, तरी निबंधात ‘रोड’ कधी कॅपिटल आरने, कधी स्मॉल आरने येतो, असं तुम्ही लिहिलंय. व्याख्येत चूक नाही. पण ती पाठ करताना मुलं शब्दांचे दोन ढीग करून टाकतात: रोड, रिव्हर, कॉलेज इकडे आणि नाशिक, गोदावरी तिकडे. घोटाळा तिथे होतो. शब्द त्या वाक्यात काय काम करतोय, हे तिला बघायला लावा.

नाशिककरांच्या हाताशी यासाठी नामी उदाहरण आहे: कॉलेज रोड. दोन्ही शब्द एरवी कॉमन. ‘आय लिव्ह ऑन कॉलेज रोड’ या वाक्यात मात्र ते एका ठरावीक रस्त्याचं नाव झाले, म्हणून सी आणि आर दोन्ही कॅपिटल, आणि आधी ‘द’ नाही. आता ‘द रोड टू द कॉलेज’ लिहून बघा. इथे नाव नाही, फक्त वर्णन आहे. दोन्ही स्मॉल आणि दोन्हीकडे ‘द’. तसंच ‘द गोदावरी रिव्हर’मध्ये आर कॅपिटल, पण पुढच्याच वाक्यात नुसतं ‘द रिव्हर’ आलं की आर स्मॉल.

अडलं तर आधी ‘एव्हरी’ लावून बघायचं. ‘एव्हरी रोड’ जमतं, म्हणजे कॉमन; ‘एव्हरी कॉलेज रोड’ जमत नाही, म्हणजे प्रॉपर. ‘द’वरून मात्र ओळखायला जाऊ नका. नद्या आणि पर्वतरांगांच्या नावांआधी ‘द’ येतो (द गोदावरी, द वेस्टर्न घाट्स), शहराच्या किंवा ब्रह्मगिरीसारख्या एकट्या डोंगराच्या नावाआधी येत नाही. वाक्याच्या मध्ये या ‘द’चा टी स्मॉलच.

‘जे जगात एकच, ते प्रॉपर’ असंही मुलं धरून चालतात. सूर्य एकच दिसतो, तरी साध्या लिखाणात ‘द सन’चा एस स्मॉल. उलट महाराष्ट्रात पिंपळगावं कितीतरी आहेत. ‘मेनी पिंपळगाव्ज’ असं अनेकवचन केलं तरी पी कॅपिटलच राहतो, कारण नाव हे नावच. द्राक्षांचंही तेच: ‘ग्रेप्स’ स्मॉल, पण ‘थॉम्प्सन सीडलेस’ या जातीच्या नावात टी आणि एस कॅपिटल. पीक महत्त्वाचं म्हणून ‘ग्रेप्स’ला कॅपिटल देऊ नये, मान देण्यासाठी कॅपिटल ही सवय आपल्याकडे फार आहे. ‘अवर प्रिन्सिपल’मध्ये पी स्मॉल. अर्जात वर ‘द प्रिन्सिपल’ असा पत्ता घालताना मात्र कॅपिटल.

एवढं थेट पाठच करावं लागतं: वार आणि महिने कॅपिटल, ऋतू स्मॉल. भाषांची नावं कॅपिटल, पण हिस्टरी, सायन्स हे विषय वाक्यात आले की स्मॉल. ‘मराठी फिल्म’मध्ये मराठी हे विशेषण आहे, तरी एम कॅपिटलच.

सरावाला दुकानांच्या पाट्या किंवा पेपरातले मथळे घेऊ नका. तिथे बरेचदा सगळंच कॅपिटल असतं. बातमीतला मजकूर घ्या, आणि वाक्याचा पहिला शब्द सोडून द्या, कारण तो कोणताही असला तरी कॅपिटलनेच सुरू होतो.